हीट पंपाचा पहिला हिवाळा

ब्रिटनमधल्या नव्या घरांत, आणि मागे-पुढे बांधकाम वाढवलेल्या जुन्या घरांतही, एक जोडी आता वारंवार दिसते: बाहेर भिंतीलगत हीट पंप आणि आत फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा गावांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही हा पर्याय येतो आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला सरकार ७,५०० पौंडांचे अनुदान देते. मे २०२२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ५,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्कम वाढली. २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख पंप बसावेत असे सरकारी उद्दिष्ट जाहीर झाले. यंत्र घ्यावे की नाही यावर वर्तमानपत्रांतून भरपूर भांडण झाले आहे. घेतलेले यंत्र कसे चालवावे यावर मात्र फार थोडे लिहिले जाते, आणि घरमालकाचा पैसा व सुख या दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, सगळ्या खोल्यांचे पाण्याचे मार्ग पूर्ण उघडे ठेवा, खोल्यांचे थर्मोस्टॅट जवळजवळ निवृत्त करा आणि पंप रात्रंदिवस मंद चालू द्या. दुसरा म्हणतो, ही उधळपट्टी आहे. प्रत्येक खोलीला तिचा थर्मोस्टॅट, तिचे वेळापत्रक असू द्या, जिथे माणूस नाही तिथे ऊब कशाला? दोन्ही बाजूंना अनुभवी लोक आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमचा कल पहिल्या बाजूकडे आहे. पण तो कुठवर, आणि दुसऱ्या बाजूचे काय राखून ठेवावे, हे नीट मोजून पाहायला हवे.

आधी यंत्राचा स्वभाव. बॉयलर इंधन जाळून उष्णता निर्माण करतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून घरात आणतो; वीज लागते ती या उचलण्यासाठी. बाहेर ५ अंश सेल्सिअस आहे आणि फरशीतल्या नळ्यांना ३५ अंशांचे पाणी पुरते, तर चढ ३० अंशांचा. तेच पाणी ५० अंशांचे मागितले तर चढ ४५ अंशांचा. चढ जितका मोठा तितके कॉम्प्रेसरचे कष्ट जास्त. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की वीज साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाचते, असा या धंद्यातला ढोबळ आडाखा आहे. रेडिएटर आकाराने लहान, म्हणून त्याला कढत पाणी लागते. फरशी म्हणजे खोलीएवढा रेडिएटर. तिला ३० ते ४० अंशांवर भागते. ही जोडी शहाणपणाची ठरते ती एवढ्याच कारणाने. पाणी कोमट ठेवले नाही तर जोडी जमवून उपयोग शून्य.

हीट पंपाची कल्पना काही नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये ती मांडली होती. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात जॉन समनर या अभियंत्याने १९४५ मध्ये वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता काढून नगरपालिकेच्या वीज खात्याची इमारत तापवली होती. युद्धातून कसाबसा सावरणारा देश, मिळेल ते जुने सुटे भाग, आणि तरी ते यंत्र चालले. तत्त्व सिद्ध व्हायचे शिल्लक नाही. शिल्लक आहे ते जुळवणीचे काम, आणि ते प्रत्येक घराला नव्याने करावे लागते.

पैशाचा हिशेब केला म्हणजे या जुळवणीची किंमत कळते. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळपास चौपट महाग आहे. वीज २५ पेन्स आणि गॅस सव्वासहा पेन्स धरू. घराला वर्षभरात १२,००० युनिट उष्णता लागते आणि बॉयलर ८८ टक्के कार्यक्षम आहे असे समजू. गॅसचा खर्च सुमारे ८५० पौंड येईल. हीट पंपाने एका युनिट विजेतून वर्षाच्या सरासरीने २.८ युनिट उष्णता दिली तर विजेचा खर्च सुमारे १,०७० पौंड. तोच आकडा ३.८ वर नेला तर सुमारे ७९० पौंड. गॅसची जोडणीच काढून टाकली तर तिचा रोजचा स्थिर आकारही वाचतो, तो वेगळा. पण मुख्य गोष्ट अशी की साडेतीनच्या खाली घर तोट्यात आहे आणि वर गेले की फायद्यात. एकच पंप, एकच घर, आणि बिलात सुमारे २८० पौंडांचा फरक.

२.८ हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश सरकारच्या पैशाने झालेल्या मोठ्या प्रात्यक्षिकात ७४२ घरांत पंप बसवून मोजणी झाली. तिथे हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मध्यम आकडा याच आसपास निघाला. त्यातली बरीच घरे जुनी आणि रेडिएटरची होती, त्यामुळे फरशीच्या घरांनी याहून चांगली मजल मारायला हवी. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने जुन्या इमारतींतल्या पंपांची मोजणी केली, तेव्हा हवेच्या पंपांची सरासरी ३.१ आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांची ४.१ आली. सरासरीपेक्षाही दोन्हीकडे डोळ्यांत भरते ती तफावत: सारखीच यंत्रे, आणि एका घरात उत्तम, दुसऱ्यात निकृष्ट. एनर्जी सेव्हिंग ट्रस्टने २०१० मध्ये ८३ पंपांचा अहवाल काढला त्यातही हेच दिसले होते. नंतर त्यांतल्या काहींची रचना व नियंत्रणे दुरुस्त करून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कामगिरी सुधारली.

आता पहिल्या पक्षाची बाजू. फरशीखाली नळ्यांभोवती सिमेंट-वाळूचा जो थर असतो तो साधारण ६५ मिलिमीटर जाडीचा धरला तर शंभर चौरस मीटरच्या घरात त्याचे वजन १३ टनांच्या आसपास भरते. त्याला एका अंशाने तापवायलाच साडेतीन युनिटांच्या आसपास उष्णता लागते. जाड बुडाच्या पातेल्यात दूध आटवणारी बाई आच सारखी वरखाली करत नाही, कारण केलेल्या बदलाचा परिणाम दिसेपर्यंत दूध उतू गेलेले असते. थर्मोस्टॅट या जाड थराला सकाळी सहाला ‘चालू’ म्हणतो आणि ऊब येते दहाला. दुपारी ‘बंद’ म्हणतो आणि फरशी संध्याकाळपर्यंत ऊब सोडतच राहते. गॅसच्या घरातली सवय, म्हणजे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास कढत रेडिएटर, इथे मुळातच लागू पडत नाही.

शिवाय मंद तापलेली फरशी स्वतःला आवरते, आणि पहिल्या पक्षाचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. फरशी २३ अंशांवर आणि खोली २१ वर असेल तर फरशी दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट उष्णता सोडते. खिडकीतून ऊन आले, घरात चार पाहुणे जमले, शेगडीवर काही शिजत राहिले आणि खोली २२ वर गेली, की ही उष्णता आपोआप निम्म्याच्या आसपास येते. कोणी बटण दाबत नाही, कोणती झडप मिटत नाही. ५० अंशांच्या रेडिएटरला खोली एक अंशाने तापली काय किंवा न तापली काय, फारसा फरक कळत नाही. जितकी फरशी कोमट तितकी ती स्वतःचे नियंत्रण चांगले करते. जितकी ती गरम, तितकी थर्मोस्टॅटची गरज जास्त. खोलीखोलीच्या थर्मोस्टॅटवरचा भर पुष्कळदा पाणी नको तितके गरम ठेवल्यामुळे आलेला असतो, हे त्या बाजूचे लोक सहसा बोलत नाहीत.

खोल्या बंद करण्याचा दुसरा तोटा पंपाच्या बाजूचा आहे. न्हाणीघराच्या पाच चौरस मीटरना तीनशे-चारशे वॅट पुरतात. बाकी सगळ्या झडपा मिटल्या आणि एकटे न्हाणीघर उघडे राहिले, तर ज्या पंपाला दोन किलोवॅटच्या खाली उतरता येत नाही तो दर थोड्या मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. वीज वाया जाते, कॉम्प्रेसर झिजतो. मग त्यावर उपाय म्हणून मध्ये पाण्याची एक टाकी बसवतात. त्या टाकीत जाणारे आणि परतणारे पाणी मिसळते, फरशीला पोचणारे पाणी तीन-चार अंशांनी उतरते, आणि ते भरून काढायला पंप तितकाच वर चढवला जातो. एका चुकीच्या गरजेपायी तीन वस्तू विकत घेतल्या जातात. बंद ठेवलेली खोली शेजारच्या उबदार खोलीतून भिंतीवाटे उष्णता ओढते हेही आहेच: घराच्या आतल्या भिंतींत बाहेरच्या भिंतींसारखा उष्णतारोधक थर क्वचितच असतो.

एवढे सगळे मान्य करूनही दुसऱ्या पक्षाला नुसते अडाणी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. घर जितके कमी तापवाल तितकी कमी उष्णता बाहेर गळेल, हे त्यांचे विधान भौतिकशास्त्राला धरूनच आहे. ‘सतत चालू ठेवलेले फुकट पडते’ असे काही उत्साही लोक सांगतात, ते खोटे आहे. प्रश्न फक्त किती वाचते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, एवढाच आहे.

आकडे घालून पाहू. आत २० अंश, बाहेर ५. फरक १५ अंशांचा. रात्री आठ तास हीटिंग उतरवले आणि चांगल्या बांधणीच्या घरात त्या वेळात सरासरी एका अंशाने तापमान घटले, तर दिवसभराच्या गळतीतले सुमारे दोन टक्के वाचले. आता पहाटे घर परत वर आणायचे. पहाटेच बाहेरची हवा सगळ्यांत थंड असते, म्हणजे चढ मोठा. आणि लवकर तापावे म्हणून पाणी पाच अंशांनी वाढवले तर त्या तासांत दहा-बारा टक्के जास्त वीज जाते. ब्रिटनच्या दमट हिवाळ्यात शून्य ते पाच अंशांच्या हवेत पंपाच्या पंख्यामागे बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी पंपाला मध्ये मध्ये उलटे फिरून घरातलीच उष्णता बाहेर द्यावी लागते; नेमक्या अशा वेळी त्याच्यावर भार टाकला जातो. जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतात. म्हणून चांगल्या उष्णतारोधनाच्या घरात रात्रीची मोठी उतरण निरर्थक आहे, असे आमचे मत. अंगावरच्या पांघरुणात सुख वाटावे म्हणून एक-दोन अंश उतरवले तर ते सुखासाठी उतरवलेले आहेत, बिलासाठी नव्हेत, एवढे ध्यानात असावे.

मात्र जुन्या विटांचे, भेगांतून वारे येणारे घर असेल तर रात्रीत चार अंश सहज उतरतात आणि हिशेब बदलतो. तिथे बचतही मोठी आणि सकाळची कसरतही मोठी. अशा घराला पंपाच्या जुळवणीआधी माळ्यावर उष्णतारोधक थर आणि खिडक्या-दारांच्या फटी बुजवण्याची गरज आहे. आठवडाभर भारतात जाऊन येणाऱ्या कुटुंबाने घर १५-१६ अंशांवर ठेवून जाणे शहाणपणाचेच आहे. दक्षिणेकडे मोठ्या काचा असलेल्या बैठकीच्या खोलीत मार्च महिन्याच्या उन्हात फरशीचा स्वसंयम पुरा पडत नाही. तिथे थर्मोस्टॅट हवाच, पण वरची मर्यादा म्हणून. आणि झोपायची खोली १८ अंशांवर, बैठक २१ वर असावी ही इच्छा रास्त आहे. त्या खोलीचा प्रवाह कायमचा थोडा कमी करून ती पूर्ण करता येते, झडप दिवसातून दहा वेळा उघडमिट करून नव्हे.

विजेच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांमुळे दुसऱ्या पक्षाच्या हातात अलीकडे एक नवे आणि खरे बळ आले आहे. संध्याकाळी चार ते सात हा ब्रिटनच्या वीजजाळ्यावरचा सर्वांत ताणाचा वेळ. अशा दरयोजनांत त्या तासांत युनिट महाग आणि रात्री किंवा दुपारी स्वस्त असते. वर हिशेब केलेला तेरा टनांचा थर म्हणजे मोफत मिळालेला साठाच. दुपारी फरशी दोन अंशांनी जास्त तापवून ठेवली तर सात युनिटांच्या आसपास उष्णता तिच्यात शिल्लक राहते, आणि चार ते सात पंप गप्प बसला तरी सौम्य थंडीच्या दिवशी घर उतरल्याचे कळत नाही. दुपारची हवा पहाटेपेक्षा उबदार असते, म्हणून कार्यक्षमताही बरी मिळते. इथे वेळापत्रक ठेवणे शहाणपणाचे आहे. पण त्याचा लोभ धरून रात्रीच्या स्वस्त तासांत ५० अंशांचे पाणी ढकलले तर स्वस्त युनिटे जास्त जळून फायदा परत जातो.

सुखाबद्दल एक गैरसमज फार त्रास देतो. लोकांना वाटते, फरशी तापवली म्हणजे ती पायाला गरम लागलीच पाहिजे. नीट जुळवलेल्या घरात सौम्य थंडीत ती २३-२४ अंशांवर असते. तळपाय त्याहून गरम असतात, त्यामुळे ती गरम लागत नाही. ती थंड लागत नाही एवढेच. युरोपीय मानकाने वावराच्या जागी फरशीच्या पृष्ठभागाला २९ अंशांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि लाकडी फरशीचे उत्पादक सहसा २७ वर थांबायला सांगतात. फरशी गार लागते म्हणून इन्स्टॉलरला फोन करणाऱ्याने आधी खोलीतल्या साध्या थर्मामीटरकडे बघावे. खोली २१ अंशांवर असेल तर यंत्र आपले काम चोख करते आहे.

मराठी घरांत हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. आपण घरात अनवाणी वावरतो, देवापुढे मांडी घालून बसतो, सणाला पंगत जमिनीवर बसते. फरशीतली ऊब या राहणीला जितकी साजते तितकी भिंतीवरच्या रेडिएटरची साजत नाही. पण त्याच घरात जाड गालिचा, त्याखाली फेसाचे अस्तर, वर सतरंजी असे थर चढले की फरशीची उष्णता खालीच अडते आणि पंपाला पाणी वाढवावे लागते. ब्रिटनमध्ये गालिचा आणि अस्तर मिळून उष्णतारोधाच्या मापाने अडीच टॉगच्या आत असावेत असा सल्ला दिला जातो; तो पाळावा. हिवाळ्यात पुण्या-नाशिकहून आलेल्या आई-वडिलांची गोष्ट निराळी. वय झालेल्या शरीराला २० अंश अपुरे वाटतात, आणि त्यांना ‘स्वेटर घाला’ म्हणून बसवणे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरात किमान १८ अंश सुचवले आहेत, आणि वृद्धांसाठी त्याहून अधिक लागू शकतात असेही म्हटले आहे. म्हणून सगळे घर २४ वर नेण्याऐवजी त्यांच्या खोलीचा प्रवाह पूर्ण खुला करावा, आणि संध्याकाळी दोन तास एक लहान विजेचा हीटर लावावा. कार्यक्षमतेचे आकडे त्यात थोडे घसरतील. घसरू द्यावेत. घर माणसांसाठी असते.

आता प्रत्यक्ष जुळवणी. बहुतेक पंपांत बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान ठरवणारी एक रेषा असते. तिला हीटिंग कर्व्ह म्हणतात. बाहेर १० अंश असताना पाणी २८, बाहेर उणे २ असताना ३६, अशा रीतीने ती आखता येते. बऱ्याच घरांत ती बंद असते, किंवा कारखान्यातून आली तशीच, गरजेपेक्षा पुष्कळ उंच असते. आधी सगळे मार्ग उघडावेत आणि थर्मोस्टॅट हव्या त्या तापमानापेक्षा दोन अंश वर ठेवावेत, म्हणजे ते मध्ये येणार नाहीत. मग रेषा एका पायरीने खाली आणावी आणि दोन दिवस थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड आहे. चार तासांनी पुन्हा हात घालणारा कधीच जुळवू शकत नाही. घर हव्या तापमानाच्या किंचित खाली गेले की एक पायरी परत चढावी. घर नेहमीच गार वाटत असेल तर सगळी रेषा वर सरकवावी; सौम्य हवेत ठीक पण कडाक्यात गार पडत असेल तर तिचा उतार वाढवावा. कडाक्यात घर जास्त तापत असेल तर उलटे करावे.

मग खोल्यांचा समतोल. नळ्या जिथे एकत्र येतात त्या मॅनिफोल्डवर प्रत्येक फेऱ्याचा प्रवाह दाखवणाऱ्या लहान काचनळ्या असतात. जास्त तापणाऱ्या खोलीचा प्रवाह थोडा कमी, गार खोलीचा पूर्ण खुला. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात पाच अंशांच्या आसपास फरक असावा. त्यासाठी एका किलोवॅट उष्णतेला मिनिटाला सुमारे तीन लिटर पाणी लागते. शेवटी मॅनिफोल्डवरच्या मिश्रण-झडपेकडे पाहावे. ती बॉयलरच्या काळातली वस्तू आहे, कढत पाणी फरशीसाठी कोमट करणारी. हीट पंप ५० अंशांचे पाणी पाठवतो आणि ही झडप त्याचे ३८ करते, अशी घरे आहेत. बारा अंशांच्या त्या फुकट चढणीला वरच्या आडाख्याने पाव हिश्शाहून अधिक वीज लागते. घरात फक्त फरशीच तापवायची असेल तर ती झडप काढून टाकावी की पूर्ण उघडावी हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे. लाकडी फरशीच्या रक्षणासाठी कमाल मर्यादेची वेगळी सोय हवीच. आंघोळीच्या पाण्याचे गणित स्वतंत्र ठेवावे: रोज ४८-५० अंश पुरतात, लेजिओनेला जिवाणूच्या बंदोबस्तासाठी ठरावीक दिवसांनी ६० वर न्यावे लागते, आणि ती उंची फरशीच्या पाण्याला लागू होऊ देऊ नये.

हे सगळे घरमालकाने करावे का? काहींना ते आवडते, आणि त्यांचे कौतुकच आहे. पण डॉक्टर, परिचारिका, दुकानदार, निवृत्त शिक्षक यांनी हीटिंग कर्व्हचा उतार शिकावा अशी अपेक्षा धरून राष्ट्रीय धोरण उभे करता येत नाही. जुलै महिन्यात बसवलेला पंप कितीही प्रामाणिक माणसाने बसवला तरी त्याला थंडीत घर कसे वागते ते दिसत नाही. तो सुरक्षित म्हणून रेषा उंच ठेवून जातो, कारण घर गार पडले तर तक्रार त्याच्याकडे येते आणि बिल वाढले तर ती वीज कंपनीकडे जाते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. व्यवस्थाच त्याला तसे वागायला लावते.

म्हणून अनुदानाच्या अटींत पहिल्या हिवाळ्यातली एक जुळवणी-भेट घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर आक्षेप येतील. लहान इन्स्टॉलरांकडे आधीच माणसे अपुरी आहेत, जानेवारीत सगळ्यांना एकदम बोलावले तर ते कोलमडतील. अनुदानाचा हिस्सा अडवून ठेवला तर त्यांचे रोखीचे चक्र अडेल. आक्षेप खरे आहेत. त्यामुळे रक्कम अडवू नये, भेटीचा खर्च मूळ दरपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवायला लावावा, आणि पंपाचे आकडे दुरून पाहता येत असतील तर भेट फोनवरही चालावी. सोबत वीज आणि उष्णता मोजणारे मीटर प्रत्येक अनुदानित पंपाला सक्तीचे करावेत, कारण मोजल्याशिवाय जुळवणी झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ७,५०० पौंडांच्या सार्वजनिक पैशावर एवढा खर्च जड नाही.

धोरण बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण मात्र नाही. ज्यांच्या घरी ही जोडी आहे त्यांनी येत्या ऑक्टोबरात इन्स्टॉलरला एकच प्रश्न लेखी विचारावा: बाहेर शून्य अंश असताना माझ्या फरशीत जाणारे पाणी किती अंशांवर ठरवले आहे, आणि ते तिथेच का? जे नवे दरपत्रक मागवणार आहेत त्यांनी सही करण्याआधी हिवाळ्यातली ती भेट त्यात लिहून घ्यावी.